शांतिसेनेतील वीर : कॅप्टन गुरुबचनसिंग सलारिया

रावी नदीच्या पश्चिमेस शकरगढ नावाचे गाव आहे. आज ते पाकिस्तानात आहे. परंतु १९४७ पूर्वी तो सारा मुलूख पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात मोडत असे. या शकरगढजवळच्या जनवाल नावाच्या खेड्यात २९ नोव्हेंबर १९३५ रोजी गुरुबचनसिंग सलारिया यांचा जन्म झाला. पाच भावंडांतील हे दुसरे अपत्य. वडील मुन्शीराम हे हॉडसन्स हॉर्स या जुन्या घोडदळ पलटणीत नोकरीस होते. मोहिमांच्या आणि छावण्यांच्या हकिगती ते घरी सांगत, आणि त्या ऐकतच गुरुबचन वाढला. आई धनदेवी साधी, कष्टाळू गृहिणी होती.

मुलाचा ओढा पुस्तकांपेक्षा मैदानाकडे अधिक. आपण ज्याला हुतुतू म्हणतो, त्या कबड्डीत तो विशेष रमे. १९४६ मध्ये तो बंगळूरच्या किंग जॉर्ज सैनिकी विद्यालयात दाखल झाला. पहिल्या खेपेस त्याची छाती नियमापेक्षा थोडी कमी भरली म्हणून त्याला परत पाठविण्यात आले. मग रोज नेटाने व्यायाम करून त्याने ती उणीव भरून काढली, अशी त्याच्या लहानपणची एक आठवण सांगितली जाते. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याला जालंधरच्या सैनिकी विद्यालयात धाडण्यात आले.

तो ऑगस्ट १९४७ चा होता. स्वातंत्र्य आले आणि त्याबरोबर फाळणीही आली. गुरदासपूर जिल्ह्याचे बहुतेक तालुके भारताकडे राहिले. पण रावीपलीकडचा शकरगढ तालुका तेवढा पाकिस्तानात गेला. सलारिया कुटुंबाला घरदार, शेतीवाडी सोडून रावीच्या अलीकडे यावे लागले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील जंगल नावाच्या खेड्यात नव्याने संसार मांडावा लागला. शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या त्या मुलाचे वय तेव्हा पुरते बारा वर्षांचेही नव्हते. सुट्टी लागल्यावर ज्या घरी जायचे ते घर आता निराळ्याच गावी होते. देश तुटतो म्हणजे काय होते, हे त्याला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९५३ मध्ये गुरुबचनसिंगाने राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत प्रवेश मिळविला. स्थलसेना, नौसेना आणि वायुसेना या तिन्ही दलांच्या भावी अधिकाऱ्यांना एकत्र शिकविणारी ही संस्था तेव्हा डेहराडून येथे होती. पुण्याजवळ खडकवासला येथे तिच्यासाठी भव्य इमारती उभ्या राहत होत्या आणि जानेवारी १९५५ मध्ये तेथे तिचे रीतसर उद्‌घाटन झाले. अशा रीतीने पंजाबचा हा तरुण महाराष्ट्रात आला. प्रबोधिनीच्या आवारातून सिंहगड स्पष्ट दिसतो. ज्या गडासाठी १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचले, त्याच गडाच्या वाटा छात्रांना पाठीवर ओझे घेऊन तुडवाव्या लागतात.

या प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीचे नाव सुदान ब्लॉक. आफ्रिकेतील देशाचे नाव पुण्याजवळच्या इमारतीला कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी अनेक भारतीय जवानांनी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारने भारताला देणगी दिली, आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेले ७० हजार पौंड या वास्तूच्या कामी लागले. आपल्या वीरांच्या रक्ताची आठवण आफ्रिकेने अशी जपली होती. त्या घुमटाखाली वावरणाऱ्या छात्रांपैकी एकाला पुढे त्याच खंडात प्राण अर्पावे लागणार आहेत, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हते.

प्रबोधिनीतील शिक्षण १९५६ मध्ये संपले. त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय सैनिकी प्रबोधिनीत एक वर्ष काढून ९ जून १९५७ रोजी सलारिया अधिकारी झाले. प्रथम तिसऱ्या गुरखा रायफल्समध्ये आणि पुढे पहिल्या गुरखा रायफल्सच्या तिसऱ्या पलटणीत त्यांची नेमणूक झाली. नेपाळच्या डोंगराळ मुलखातून येणारे हे जवान बोलण्यात मितभाषी, स्वभावाने आनंदी आणि लढण्यात कणखर म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या कमरेला खुकरी नावाचे रुंद, बाकदार पात्याचे हत्यार असते. गुरखा पलटणीच्या अधिकाऱ्याला जवानांची भाषा शिकावीच लागते. नुसत्या हुकमावर त्यांचे मन जिंकता येत नाही. सलारिया त्यांच्याबरोबर जेवले, खेळले, डोंगर चढले आणि थोड्याच काळात त्यांचेच होऊन गेले.

आता आपल्याला थोडा वेळ आफ्रिकेकडे वळले पाहिजे. त्या खंडाच्या मध्यभागी काँगो नावाची प्रचंड नदी वाहते. तिच्या खोऱ्यातील विस्तीर्ण देश, जो आकाराने भारताच्या सुमारे सात दशांश भरेल, १८८५ पासून बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जणू खाजगी मालमत्ता होता. त्याच्या कारभारात रबरासाठी तेथील लोकांचा अमानुष छळ झाला. जगभर ओरड झाल्यावर १९०८ मध्ये तो देश बेल्जमच्या सरकारकडे आला. परंतु लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण देण्याची निकड सरकारला कधी वाटली नाही. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, तेव्हा देशातील पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते, आणि सैन्यात तर एकही अधिकारी काँगोचा नव्हता. पाच दिवसांतच सैन्यात बंड झाले. आपल्या लोकांचे रक्षण करण्याच्या निमित्ताने बेल्जमचे सैन्य पुन्हा देशात उतरले. या गोंधळाचा फायदा घेऊन ११ जुलै रोजी दक्षिणेकडील कटांगा प्रांत काँगोपासून फुटून निघाल्याची घोषणा तेथील नेते मोइझ शोंबे यांनी केली.

कटांगाच का फुटला? याचे उत्तर त्याच्या जमिनीखाली दडलेले आहे. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट चटकन ध्यानी येईल. तेथील काळ्या जमिनीत उत्तम कापूस पिकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हा कापूस वाहून नेण्यासाठी एका ब्रिटिश कंपनीने यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांचा लोहमार्ग बांधला. कापूस वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या घामाचा, पण गाडी परक्या कंपनीची आणि मोठा नफाही परक्या व्यापाऱ्याचा! कटांगात हेच, पण कितीतरी पटींनी अधिक प्रमाणात घडले. तेथे तांबे, कोबाल्ट आणि युरेनियम यांच्या समृद्ध खाणी होत्या. १९१० मध्ये आगगाडी प्रांताची राजधानी एलिझाबेथव्हिलपर्यंत पोहोचली आणि तांबे दूरच्या बंदरांकडे वाहू लागले. युनियन मिनिएर या बेल्जियन कंपनीच्या ताब्यात या खाणी होत्या. साऱ्या काँगोच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा या एकाच प्रांतातून येई. तो निघून गेला असता तर उरलेल्या देशाला आपल्या पायावर उभे राहणे कठीण होते. कंपनीने आपला कर काँगो सरकारऐवजी शोंबे यांच्याकडे भरण्यास सुरुवात केली, आणि त्या पैशावर युरोपातून व दक्षिण आफ्रिकेतून भाडोत्री सैनिक येऊ लागले.

काँगोचे पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा आणि राष्ट्राध्यक्ष कासावुबू यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मदत मागितली. १४ जुलै रोजी सुरक्षा परिषदेने ठराव केला आणि दुसऱ्याच दिवसापासून राष्ट्रसंघाचे सैन्य काँगोत उतरू लागले. या सैन्याची स्थिती मात्र मोठी चमत्कारिक होती. स्वसंरक्षणाखेरीज गोळी झाडावयाची नाही, कोणा एकाची बाजू घ्यावयाची नाही, असा त्याला दंडक होता. हातात बंदूक असून ती चालवावयाची नाही, समोर अन्याय दिसत असून बोलणीच करीत राहावयाचे. शिपाईगिरीत याहून अवघड काम दुसरे नाही. लुमुंबा यांना राष्ट्रसंघाने सक्तीने कटांगा परत मिळवून द्यावा असे वाटे. ते होत नाही म्हणून ते चिडले. पुढे राष्ट्राध्यक्षांशी त्यांचे बिनसले, त्यांना पदच्युत करून अटक करण्यात आली, आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात नेऊन त्यांचा वध करण्यात आला.

या बातमीने आशिया व आफ्रिका खंडांत संतापाची लाट उसळली. २१ फेब्रुवारीस सुरक्षा परिषदेने यादवी युद्ध टाळण्यासाठी, अन्य उपाय खुंटल्यास, बळाचा वापर करण्याची मुभा दिली. मात्र याच सुमारास काही देशांनी आपले सैनिक परत नेले होते. अशा वेळी पंडित जवाहरलाल नेहरूंनी भारताची एक संपूर्ण ब्रिगेड देण्याचे ठरविले. परक्यांच्या युद्धात आपले सैन्य गुंतवावे की नाही, याविषयी देशात दोन मते असणे स्वाभाविक होते. परंतु ज्या देशाने स्वतः फाळणीचे घाव सोसले होते, त्याला एका नव्या राष्ट्राचे तुकडे होताना स्वस्थ बसवले नाही. ब्रिगेडियर के. ए. एस. राजा यांच्या हाताखालील ९९ व्या पायदळ ब्रिगेडचे सुमारे तीन हजार जवान मार्च १९६१ पासून काँगोत दाखल होऊ लागले. त्यांत कॅप्टन सलारियांची पलटणही होती.

वाटाघाटी होत, मोडत, पुन्हा सुरू होत. सप्टेंबरमध्ये एलिझाबेथव्हिलमध्ये चकमकी झाल्या. शोंबे यांची भेट घेण्यास निघालेले राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांचे विमान १७ सप्टेंबरच्या रात्री एन्डोला या गावाजवळ कोसळले आणि त्यात त्यांचा अंत झाला. कटांगाच्या एका लढाऊ विमानाने राष्ट्रसंघाच्या सैन्याला सळो की पळो करून सोडले होते, कारण राष्ट्रसंघाजवळ लढाऊ विमानेच नव्हती. ऑक्टोबरमध्ये भारताची कॅनबेरा विमाने आल्यावर ही उणीव दूर झाली. २४ नोव्हेंबरला सुरक्षा परिषदेने अधिक कडक ठराव करून भाडोत्री सैनिकांना हाकलून लावण्यासाठी बळ वापरण्याची परवानगी दिली. त्यामुळे कटांगाचे सत्ताधारी अधिकच खवळले. राष्ट्रसंघाच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना पळवून नेऊन मारहाण करण्यात आली. ते सुटले, परंतु गुरखा पलटणीतील मेजर अजितसिंग आणि त्यांचा चालक हे दोघे मात्र कटांगाच्या शिपायांच्या हाती सापडून प्राणास मुकले.

४ डिसेंबर रोजी कटांगाच्या शिपायांनी शहर व विमानतळ यांमधील रस्ता अडविला. राष्ट्रसंघाचे कार्यालय शहरात, तर रसद आणि कुमक येण्याचा मार्ग विमानतळावरून. हा रस्ता बंद राहिला असता तर शहरातील लोक कोंडले जाऊन एकेक करून कैद झाले असते. याच शहरात कटांगाच्या शिपायांच्या भयाने पळून आलेले बालुबा जमातीचे हजारो निर्वासितही राष्ट्रसंघाच्या आश्रयाने राहत होते. त्यामुळे आता वाट पाहण्यात अर्थ नव्हता. ५ डिसेंबर १९६१ रोजी पहिल्या गुरखा रायफल्सच्या तिसऱ्या पलटणीला रस्ता मोकळा करण्याचा हुकूम मिळाला.

मोक्याच्या एका चौकात शत्रूने मोर्चे बांधले होते. एका तुकडीने उखळी तोफांच्या साहाय्याने त्यावर समोरून हल्ला करावा आणि कॅप्टन सलारियांनी विमानतळाच्या बाजूने येऊन शत्रूची पळण्याची वाट रोखून धरावी, अशी योजना होती. सलारियांकडे सोळा गुरखे आणि स्वीडनच्या सैन्याच्या दोन चिलखती गाड्या होत्या. पंजाबी अधिकारी, नेपाळी जवान, स्वीडनच्या गाड्या आणि काँगोची भूमी! असा मेळ जगाच्या इतिहासात फारसा जमून आलेला नाही. काम तसे दुय्यम होते. मुख्य लढाई दुसऱ्यांनी लढावयाची, आणि यांनी आडोशाला राहून वाट अडवावयाची.

दुपारी एक वाजून बारा मिनिटांच्या सुमारास ही छोटी तुकडी चौकापासून सुमारे १,५०० वारांवर आली. तोच उजव्या बाजूने तिच्यावर गोळ्यांचा भडिमार सुरू झाला. तेथे शत्रूचा आणखी एक मोर्चा आहे याचा कोणालाच पत्ता नव्हता. खंदक खणून सुमारे नव्वद शिपाई दबा धरून बसले होते. त्यांच्याजवळ स्वयंचलित बंदुका आणि दोन चिलखती मोटारी होत्या.

सोळा आणि नव्वद! अशा वेळी सलारिया मागे फिरून विमानतळावर गेले असते, तर कोणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांना वाट अडविण्याचा हुकूम होता, अज्ञात मोर्चावर चालून जाण्याचा नव्हता. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढे चौकात झुंजणारे आपले बांधव होते. हे नव्वद शिपाई मोकळे राहिले तर ते चौकाकडे धावतील, आणि समोरच्या शत्रूशी लढणाऱ्या तुकडीवर दुसऱ्या बाजूने तुटून पडतील, हे त्यांनी ताडले. मग सारी मोहीमच फसली असती. विचाराला अवधी नव्हता. त्यांनी रॉकेट सोडणाऱ्या जवानांना शत्रूच्या चिलखती मोटारींवर मारा करण्यास सांगितले. दोन्ही मोटारी निकामी झाल्या. या अनपेक्षित आघाताने शत्रूची क्षणभर तारांबळ उडाली. आणि तो क्षण सलारियांनी हातचा जाऊ दिला नाही. संगिनी, हातबाँब आणि खुकऱ्या घेऊन सोळा गुरखे आपल्या कॅप्टनच्या मागोमाग खंदकांवर तुटून पडले.

झुंज हातघाईवर आली. जवळच्या लढाईत लांब पल्ल्याच्या बंदुकांचा उपयोग थोडा आणि खुकरीचा फार. शत्रूचे चाळीस शिपाई पडले. इतक्यात स्वयंचलित बंदुकीच्या गोळ्या सलारियांच्या मानेत घुसल्या. रक्त वाहत होते, तरी ते थांबले नाहीत. जवानांच्या पुढे राहून लढत राहिले. समोरचे लोक किती थोडे आहेत याचा अंदाज न आल्यामुळे की या धाडसाने धीर खचल्यामुळे, कोण जाणे, उरलेले शिपाई सुरक्षित खंदक सोडून पळत सुटले. मोर्चा हाती आला. अतिशय रक्तस्राव झाल्यामुळे कॅप्टन सलारिया तेथेच कोसळले. जवानांनी त्यांना चिलखती गाडीतून विमानतळावरील इस्पितळात पोहोचविले. परंतु त्या जखमांनी त्यांचा अंत झाला. वयाची सव्वीस वर्षे पुरी होऊन त्यांना अवघे सहा दिवस झाले होते.

चौकातील मुख्य हल्ला यशस्वी झाला. बाजूने येऊ पाहणारी कुमक सलारियांनी वाटेतच रोखल्यामुळे राष्ट्रसंघाच्या कार्यालयाला पडू पाहणारा वेढा टळला. ज्यांच्याशी ते लढले ते शिपाईही बहुतेक आफ्रिकेचेच सुपुत्र होते, आणि त्यांना पुढे करून मागे राहणारे पुष्कळसे दूरचे होते. हा त्या युद्धातील कटू भाग विसरता येत नाही. पुढील दोन आठवड्यांच्या लढाईत शहरातील निरपराध नागरिकांनाही झळ पोहोचली आणि त्याबद्दल राष्ट्रसंघावर टीकाही झाली.

भारत सरकारने कॅप्टन गुरुबचनसिंग सलारिया यांना मरणोत्तर परमवीर चक्र दिले. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या विद्यार्थ्यांपैकी हा सन्मान प्रथम त्यांच्या वाट्याला आला. आणि राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत काम करीत असता परमवीर चक्र मिळालेले ते एकटेच. या पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार आकृती कोरलेल्या असतात. जगाच्या कल्याणासाठी आपल्या अस्थी वज्राकरिता देणाऱ्या दधीची ऋषींची कथा या कल्पनेच्या मुळाशी आहे. या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. त्या जन्माने युरोपियन. विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या होत्या.

सलारियांच्या मृत्यूनंतर सोळा दिवसांनी शोंबे यांनी काँगोची एकता मान्य करणाऱ्या कागदावर सही केली, पण तो शब्द त्यांनी पाळला नाही. डिसेंबर १९६२ मध्ये पुन्हा लढाई जुंपली. त्या वेळी कटांगातील राष्ट्रसंघाच्या सैन्याचे नेतृत्व मेजर जनरल दिवाण प्रेमचंद या भारतीय सेनापतीकडे होते. जानेवारी १९६३ मध्ये शोंबे यांनी कटांगाचे वेगळे राज्य संपल्याचे जाहीर केले. ३० जून १९६४ रोजी राष्ट्रसंघाचे अखेरचे सैनिक काँगोतून परतले. या चार वर्षांत तेथे ३९ भारतीयांनी प्राण दिले. काँगोच्या नशिबी पुढेही सुख नव्हते. १९६५ मध्ये सेनापती मोबुटू यांनी सत्ता बळकावली आणि तीस वर्षांहून अधिक काळ निरंकुश राज्य केले. देश मात्र एकसंध राहिला. बेल्जमच्या राणीचे नाव धारण करणाऱ्या एलिझाबेथव्हिलला १९६६ मध्ये तेथील एका नदीचे नाव देण्यात आले, आणि तेव्हापासून ते शहर लुबुंबाशी म्हणून ओळखले जाते.